बारा घरांची सलामी

मास्तरांवर मी पहिल्यांदा लिहिलं ते त्यांच्याविरुद्ध. तेव्हा मी त्यांना पाहिलंही नव्हतं. पत्रक लिहायला आधी माणूस पाहावा लागतो असं त्या वयात मला वाटत नसे. चीड असली की पुरे, असं वाटे.

जव्हार संस्थानात दरबारचा बँड निघणार अशी बातमी होती. पितळी वाद्यं पेट्यांतून बैलगाड्यांवर घाट चढून आली आणि त्यांच्यामागून वसईकडचा एक ख्रिस्ती बँडमास्तर छत्री घेऊन पायी चालत आला. गाडीत जागा होती, तरी पायी. का, तर गाडीच्या चाकाची करकर बेसूर होती म्हणून. मी दरबारच्या कचेरीतल्या एका कारकुनाचा मुलगा, वय बावीस. ठाण्याच्या एका छापखान्यात दोन वर्षं खिळे जुळवून परतलो होतो आणि येताना पत्रकं लिहायची खोड घेऊन आलो होतो. डोंगरातला माणूस ठेकेदाराच्या वेठीला फुकट राबतो, त्याची लाकडं वाहतो, नाचणीच्या पेजेवर दिवस काढतो, आणि इथे पितळेचे भोंगे वाजणार! एका बैठकीत लिहून काढलं, "हा बँड कुणासाठी?" शेवटची ओळ अशी होती: "ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याच्या कानात ही विलायती फुंकर कशाला?" ही ओळ मला फार आवडली होती. आजही ती वाईट वाटत नाही. फक्त चुकीच्या माणसावर पडली.

बाजाराच्या दिवशी पत्रक वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ते हातात घेऊन आमच्या दारात उभे. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"होय. आणि एक अक्षर मागे घेणार नाही."

"मागे कशाला घेता? मोठ्याने वाचा."

मी वाचलं. सभेत वाचतात तसं वाचलं. मास्तर दाराच्या चौकटीवर बोटांनी ताल धरून ऐकत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"थांबा. श्वास चुकला. 'विलायती'च्या आधी श्वास घ्या, म्हणजे 'फुंकर' नीट निघेल. छाती चांगली आहे तुमची. उद्यापासून या सकाळी."

आणि निघून गेले. मी भांडायची सगळी तयारी केली होती आणि भांडायला समोर माणूसच उरला नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तो पुरावे गोळा करायला, असं मी घरी सांगितलं.

मास्तरांचं वय पन्नाशीच्या पुढे असावं. कुठल्याशा पलटणीच्या बँडमधला लाल कोट, त्याच्या एकाच खांद्यावर झालर. दुसऱ्या खांद्यावरची झालर कापून त्यांनी व्हायोलिन पुसायचं फडकं केलं होतं. खाली धोतर. बोलायचे मराठीत, मोजायचे मात्र इंग्रजीत, आणि मोजत नाहीत असा क्षण नसे. जिन्याच्या पायऱ्या मोजत, भाकरीचे तुकडे मोजत, समोरच्याच्या शिंका मोजत. कुणी भेटलं की "बरे आहात ना" असं विचारत नसत. विचारत, "आज सा कुठे लागला?" आणि समोरच्याने तोंड उघडलं की त्याच्या आवाजावरून स्वतःच ठरवून टाकत. "आज तुम्ही अर्धा सूर उतरलात पत्रकवाले. झोप झाली नाही." बहुतेक वेळा ते खरं असायचं, त्यामुळे जास्तच राग यायचा.

त्यांच्या खोलीत भिंतीवर बैलगाडीचं एक मोडकं चाक ठोकलेलं होतं. बारा आऱ्यांचं. देवाच्या तसबिरीखाली लावतात तशी त्याच्याखाली पणती. प्रत्येक आऱ्यावर चुन्याने एकेक इंग्रजी अक्षर काढलेलं. हे त्यांचं बारा घरांचं चाक. सगळं संगीत यात आहे, असं ते म्हणत. सा घ्या. त्याच्यापासून पाचवा सूर, म्हणजे पा. आता त्या पा-लाच सा म्हणा आणि पुढच्या घरात जा. तिथला पा धरून त्याच्या पुढच्या घरात. अशी बारा घरं झाली की पुन्हा पहिल्याच घराच्या दारात येता. आणि शेजारच्या घरात जाताना बदलतो किती? एकच सूर. उजवीकडे निघालात तर म चढतो, डावीकडे निघालात तर नी उतरतो. बाकीचं सामान तसंच.

"एवढ्याशा बदलात माणूस दुसऱ्या घरात पोचतो," असं म्हणून ते माझ्याकडे पाहत. "तुमच्या पत्रकात मात्र सगळं एकदम बदलायचं असतं."

मी चिडून उत्तर देई. ते उत्तराचा सूर सांगत.

आता मी ज्या पुराव्यासाठी गेलो होतो त्याचं सांगतो. बँडसाठी मास्तरांनी मुंबईचे तयार वाजवणारे आणले नव्हते. दाभोशाकडच्या पाड्यांवरचे बारा बाप्ये निवडले होते. शेतकरी, मोळ्या विकणारे, अक्षरशत्रू. त्यांच्यात एक नवशा होता. तिशीचा, बुटका, पाय चुलाणासारखे पसरट. पाड्यावर तो तारपा वाजवायचा. तारपा म्हणजे दुधीभोपळ्याचा आणि बांबूंचा लांबलचक वाजा, त्याच्याभोवती डोंगरातले लोक फेर धरून नाचतात. पहिल्या सकाळी मी मास्तरांच्या अंगणात गेलो तेव्हा नवशाची बायको काशी मोळी टेकवून बसली होती. मला पाहून उठली.

"तूच काय रं तो कागदवाला?"

"होय, काशीबाई."

"बाई नको म्हणू, मोळीला कोनी बाई म्हनत नाय. बँड नको म्हनतोस?"

"तुमच्यासाठीच म्हणतोय. तुम्हाला पोटभर अन्न नाही आणि..."

"माझ्या पोटाचं मी बघीन. बँडच्या पटावर नाव हाय तवर ह्यो वेठीला जात नाय. ठेकेदाराचा मुकादम दारात येऊन परत जातो. तू बँड मोड, मंग ह्याच्या जागी लाकडं व्हायला तू जाशील का? बघू तुझे खांदे."

तिने खरंच माझे खांदे बघितले आणि नापसंतीने मान हलवली. वेठीविरुद्ध मी तोवर चार पत्रकं लिहिली होती. एकाही माणसाची वेठ त्यांनी थांबली नव्हती. ह्या लाल कोटवाल्याने बारा माणसांची थांबवली होती, आणि मी त्याच्यावर पाचवं पत्रक लिहिलं होतं.

बरं, ते पत्रक पोचायचं तिथे पोचलंच. दरबारात एक बडे अंमलदार होते. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, तेवढंच पुरे. त्यांना बँड हवा होता पण मुंबईचा. डोंगरातल्या माणसांनी ढोल बडवावा, लिहिलेलं संगीत त्यांना येणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं पत्रक त्यांनी महाराजांसमोर ठेवलं. "पाहावं सरकार, गावातले तरुणसुद्धा हा बँड नको म्हणतात." निर्णय झाला तो असा: दसऱ्याच्या दरबारात मास्तरांच्या बारा जणांनी सलामी वाजवून दाखवावी. नीट वाजली तर बाराही जण कायम. चुकली तर पट रद्द, माणसं पाड्यावर परत, आणि मुंबईचे वादक बोलवायचे. पाड्यावर परत म्हणजे कुठे, ते काशीने मला सांगितलेलंच होतं.

हे मी मास्तरांना कबूल करायला गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "तुमचा आवाज आज पहिल्यांदा सुरात आहे. कॉर्नेट धरा."

आठवडाभर मी तो कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी भोंगा, फुंकला. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उत्तर देऊ लागल्या. आठव्या दिवशी मास्तरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि झांजा दिल्या. "तुमच्याकडे सूर नाही, पण चीड आहे. ती इथे कामाला येते."

पहिले दोन महिने शिकवणी अशी चालली की माझा विश्वास रावसाहेबांवर बसायची वेळ आली. बारा जण दोन रांगांत बाकांवर बसत. मास्तर चाकावरची अक्षरं दाखवत, सी, जी, डी, ए. बारा जण त्या अक्षरांकडे असे बघत की जणू कुणी त्यांच्यावर खटला भरतोय. वाजवायला सांगितलं की बारा भोंगे बारा दिशांना.

काशी मोळी विकून झाली की दाराशी बसून ही गंमत बघायची. एक दिवस ती म्हणाली, "मास्तर, ह्या आऱ्यांना गाव नाय, शीव नाय. मानसं जातील कुठं?"

मास्तर ताडकन उठले. मग त्यांनी चुना कालवला, अक्षरं पुसली आणि मला म्हणाले, "लिहा. ही सांगते ती गावं लिहा." वरच्या आऱ्यावर जव्हार. त्याच्या उजवीकडे दाभोसा, मग मोखाडा, मग खोडाळा, अशी बारा गावं बारा आऱ्यांवर बसली. अगदी तळाच्या आऱ्यावर, जव्हारच्या बरोबर समोर, मास्तरांनी शिरपामाळ घातला.

"आवं शिरपामाळ ह्यो हितं हाय!" काशी ओरडली. "थुंकलं तं पोचतंय. तुमी तं पार पाताळात घातला!"

"पायाने जवळ आहे. सुराने सगळ्यात लांब आहे."

"मंग सुराला वाट सांगा जरा जवळची."

त्या दिवसापासून बारा जणांची गाडी हलली. "आज मोखाड्यात वाजवा," म्हटलं की कळायचं, दोन सूर चढे घ्यायचे. मास्तर रस्त्याने जाताना कुणी गुणगुणलं तर थांबून म्हणत, "खोडाळ्यात गाताय तुम्ही." तो माणूस घाबरून आजूबाजूला बघे.

पण खरी शिकवणी सुरू झाली ती पाड्यावर. भात झोडून झाल्यावर नवशाने मास्तरांना नाच बघायला बोलावलं. मी बरोबर होतो. खळ्याच्या मधोमध नवशा तारपा घेऊन उभा, आणि त्याच्याभोवती बाया-बाप्ये एकमेकांच्या कमरेमागे हात गुंतवून फेर धरलेले. नवशा चाल बदलायचा तसा फेर उलट फिरायचा, कुणी न सांगता. नवशा सरकला तर सगळी साखळी त्याच्यामागून सरकायची, आणि कितीही गरगर फिरली तरी एकाचीही पाठ तारप्याकडे नाही. मास्तरांनी विचारलं, असं का? एक म्हातारा म्हणाला, "वाजवनाऱ्याला पाठ दावत नाय, बाबा. पाप हाय."

मास्तर धावत खळ्यात शिरले. कोट, छत्री, सगळ्यासकट. "हेच! हेच ते चाक!" असं ओरडत ते फेरात घुसले आणि उलट्या बाजूला नाचायला लागून दोन म्हाताऱ्यांना पाडून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक चुलीत घातले. खरंच घातले, त्यावर पेज शिजवली. अंगणात खळ्यासारखं गोल सारवून घेतलं, कडेला बारा धोंडे. एकेका धोंड्याशी एकेक माणूस, बाराव्याशी व्हायोलिन घेऊन स्वतः मास्तर, मध्ये नवशा कॉर्नेट घेऊन. "माझा पा तो तुझा सा," असं म्हणत सूर हातातून हातात द्यायचा. सलामीची चाल मास्तरांनीच बांधलेली, आठ ओळींची. ती जव्हारात वाजवायची, एक धोंडा पुढे सरकायचं, दाभोशात वाजवायची, पुढे सरकायचं, मोखाड्यात. पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत त्या बारा जणांना ती सलामी बाराही घरांत येत होती. मुंबईच्या वादकांनाही तेवढं येत नाही, असं मास्तर म्हणत. मी तेही पत्रकात छापणार होतो. मास्तरांनी हात धरला. "आधी वाजू दे. मग छापा. तुमचं नेहमी उलट असतं."

एक सकाळ मला विसरता येत नाही. मास्तर व्हायोलिनवर एकेक पा घेत बारा घरं फिरत होते. नवशाने आपल्या तारप्यावर पहिला सा धरून ठेवला होता, म्हणजे परत आल्यावर घर ओळखू यावं. बारावं घर ओलांडून मास्तर पहिल्यावर आले, थांबले. सूर जुळला. सगळे "हां" म्हणाले. नवशाने मात्र तारपा खाली ठेवला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, रागवू नका. शेवटचा तुमी चोरला."

"म्हणजे?"

"सरळ आला असता तं माझ्यापरीस वर गेला असता. तांदळाच्या कनीएवढा. तुमी बोट खाली सरकावलंत."

मास्तर धोंड्यावर बसले. व्हायोलिन मांडीवर. मला वाटलं, आता नवशाची खैर नाही. तर मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. "तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी हे चाक शिकवतोय. पलटणीत शिकवलं, आमच्या वसईच्या ख्रिस्ती देवळात शिकवलं. दर वेळी शेवटच्या घरात बोट चोरून सरकवतो. एकाही कानाने मला पकडलं नाही." मग त्यांनी खरं सांगितलं. शुद्ध पा घेत घेत गेलं तर फेर मिळत नाही. कणभर वर पोचतो. म्हणून प्रत्येक घराने आपला पा अगदी किंचित खाली घ्यायचा, कुणाला कळणार नाही इतका, म्हणजे बाराव्याला दार बरोबर सापडतं.

मी खवळलो. "म्हणजे सगळ्यांनी खोटं वाजवायचं?"

"सगळ्यांनी थोडं थोडं सोडायचं. एकट्या शेवटच्यावर सगळं लादायचं नाही. मी इतकी वर्षं तेच करत होतो. चूक माझी."

पुढे वेठीवरच्या एका पत्रकात मी हे वाक्य वापरलं. मास्तरांना ते आवडलं नाही. "ते सुरांबद्दल होतं," म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी आपला स्वतःचा चांदीच्या तोंडाचा कॉर्नेट नवशाला दिला आणि सांगितलं, "सलामीची पहिली ओळ तू एकटा वाजवायचीस. बाकीचे तुझ्यामागून."

दसरा उजाडला. दरबार भरला. बारा जणांना लाल डगले, मलाही एक. झांजा कोण वाजवतो ते कुणी बघत नाही, असं मास्तर म्हणाले होते आणि ते खरं निघालं; ज्याच्या पत्रकामुळे हे सगळं झालं तो रावसाहेबांच्या हाताच्या अंतरावर उभा होता. रावसाहेब स्वतः रांगा लावत होते. सहा पुढे, सहा मागे, तोंडं गादीकडे. नवशाच्या पायात बूट शिरेनात. दोन शिपायांनी रेटून पाहिलं. शेवटी तो अनवाणीच.

"अनवाणी माणूस पुढे नको," रावसाहेब म्हणाले. "ह्याला मागच्या रांगेत घ्या."

मास्तर काही बोलणार होते. तेवढ्यात महाराज आले, चोपदार ललकारला आणि सगळा दरबार उभा राहिला. आमच्या दरबाराची एक रीत इथे सांगायला हवी. सलामी कानावर पडली की, दरबारात असो की रानात, जो असेल तो, सरदार असो की भिश्ती, उठून उभा राहतो आणि ती संपेपर्यंत जागचा हलत नाही.

मास्तरांनी काठी उचलली. मागच्या रांगेतून नवशाने पहिला सूर काढला, आणि त्याच क्षणी पुढच्या रांगेतले सहाही जण गर्रकन मागे वळले. वाजवणाऱ्याला पाठ दावत नाय. सहा पाठी गादीकडे.

चोपदाराचं तोंड उघडं राहिलं. रावसाहेबांचा हात वर गेला. आणि नवशा, अचानक सहा तोंडं आपल्याकडे वळलेली पाहून बिचकला आणि सलामी जव्हारात सुरू करायच्या ऐवजी दाभोशात सुरू करून बसला. माझ्या हातातल्या झांजांना घाम सुटला. पण बाकीचे अकरा बिनचूक त्याच्यामागून दाभोशात शिरले. शेजारचंच घर, एकच सूर बदलायचा. आणि आठ महिन्यांच्या सवयीने त्यांचे पाय हलायला लागले. दोन रांगा उघडल्या, वाकल्या आणि नवशाभोवती फेर झाला.

आता मास्तरांनी काठी खाली केली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. दाभोशात सुटलेली सलामी जव्हारात आणायला दोन रस्ते होते: एक पाऊल मागे, नाहीतर अकरा पावलं पुढे. मी डोळ्यांनी त्यांना "मागे, मागे" सांगत होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, काठी उंच केली आणि दातांतून म्हणाले, "चला, मोखाडा!"

सलामी मोखाड्यात वाजली. खोडाळ्यात वाजली. दरबार उभा. चौथ्या घराला मागचे मानकरी एकमेकांकडे बघू लागले. शिरपामाळापर्यंत एका वृद्ध सरदारांनी शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेतला. रावसाहेबांना ओरडायचं होतं, पण सलामी चालू असताना ओरडणार कसं? ते नुसते लाल होत गेले, डगल्याच्या रंगाला आले. नवव्या घरात मला हसू आवरेना म्हणून मी झांजा जोरात मारल्या. आणि बाराव्या वेळी फेर जव्हारात आला, सा जसाच्या तसा दारात उतरला, कणभर वर नाही, कणभर खाली नाही. नवशाने कॉर्नेट खाली घेतला. मास्तरांचा कोट पाठीत भिजला होता.

"गादीला पाठ!" रावसाहेबांचा आवाज अखेर सुटला. "भर दरबारात गादीला पाठ! सरकार, मी सांगत होतो!"

मास्तर पुढे झाले. "हुकूम माझा होता. ही माणसं..."

पण नवशा मध्येच बोलला. दरबारात त्याने बोलायचं नव्हतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"म्हाराज, वाजवनाऱ्याला आमी पाठ दावत नाय. आमच्यात पाप हाय."

"आणि गादीला?" महाराजांनी विचारलं. एवढंच.

"गादीला तं फिरत फिरत समद्यांनी तोंड दाखवलं की. रांगेत असतो तं मागचे आमी सहा तुमाला दिसलोच नसतो."

 मग महाराज हसले, आणि ते हसले म्हणून सगळा दरबार हसला. त्यात बसायला मिळाल्याचा आनंद बराच होता. त्यांनी मास्तरांना विचारलं, ही सलामी इतकी घरं हिंडून पुन्हा त्याच सुरावर आली ती कशी. मास्तर सांगत सुटले असते, पण महाराजांनी हात केला आणि हुकूम लिहून घ्यायला सांगितला. बँडच्या पटावरचे बारा इसम कायम. त्यांना वेठीस कुणी धरू नये. आणि दरबारात यापुढे सलामी एकदाच वाजवावी.

"एकदाच?" मास्तर म्हणाले. "सरकार, हा अन्याय आहे. घरातून निघायचं आणि परत यायचंच नाही? शास्त्राने..."

मी झांजा वाजवल्या. आयुष्यात इतकं वेळेवर मी दुसरं काही वाजवलेलं नाही.

हुकूम निघाला म्हणजे झालं, असं पत्रकवाल्यांना वाटतं. दसऱ्यानंतर चार-आठ दिवसांनी मी हुकमाची नक्कल घेऊन नवशाच्या पाड्यावर गेलो. मास्तर तिथेच होते, ओट्यावर बसून काशीच्या हातची नाचणीची भाकरी मोजून खात. तेवढ्यात ठेकेदाराचा मुकादम आला. दोन माणसं बरोबर, हातात काठी. न विचारता समोरच्या बाजेवर बसला.

"चल रं नवशा. लाकडं पडल्यात नाल्यात."

मी उठलो आणि हुकूम वाचायला सुरुवात केली, चांगला खड्या आवाजात. मुकादमाने मला दुसऱ्या ओळीवर थांबवलं.

"कागद कोन पन लिहितो. तूच वाटतोस की बाजारात. बँड नको, बँड नको."

काशी आतून हसली. बाहेर येऊन मुकादमाला म्हणाली, "बग, मला नको हसवू, पीठ सांडतंय."

"हा दरबारचा बँडवाला, ह्याला पुरावा काय?" मुकादम म्हणाला. "लाल डगला? डगला मीबी घालीन."

मास्तरांनी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "नवशा, पुरावा दे त्याला."

नवशाने आतून कॉर्नेट आणला. अनवाणी, लंगोटीवर, ओट्यासमोर उभा राहिला आणि सलामीची पहिली ओळ काढली.

मुकादम उठला. दसऱ्याला ही सलामी त्यानेही उभं राहून ऐकली होती; उठावंच लागलं. त्याची दोन माणसं उठली, पाड्यावरची सगळी माणसं आपापल्या दारात उभी राहिली. नवशाने जव्हार वाजवलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"एकदाच ते दरबारात," मास्तर म्हणाले. "पाड्याबद्दल हुकमात काही नाही."

दाभोसा. मोखाडा. ऊन अंगणात आलं. मुकादमाने काठी बाजेला टेकवली होती, ती घसरून पडली. उचलायला वाकता येईना. खोडाळ्याला त्याने पाय बदलला. पुढे कुठल्या घरात कोण जाणे, त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबला, आणि पुसायला हात हलवता येत नव्हता. काशी परातीत पीठ घेऊन दारातच उभी होती, मान ताठ, डोळे मुकादमावर. मी आयुष्यात इतक्या मनापासून कुठल्याही सलामीला उभा राहिलो नाही.

बारावं घर झालं. नवशा थांबला. मुकादमाने श्वास सोडला, घाम पुसला आणि आपली काठी उचलली.

"संपली का?" त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"संपली," मास्तर म्हणाले. "पण सातव्या घरात नी जरा खाली राहिला. नवशा, पहिल्यापासून घे."